दारात कंपनीची गाडी

आमच्या कंपनीत राजीनाम्याचं कारण म्हणून बहुतेक जण एकच लिहीत: घरगुती अडचण. कुणाला शेजारच्या कारखान्यात जास्त पगार मिळालेला असे, कुणाचं सुपरवायझरशी वाजलेलं असे, कुणाला नुसताच वीट आलेला असे, पण कागदावर सगळ्यांची घरगुती अडचण. मी वाळूजच्या त्या कारखान्यात माणसांचं खातं सांभाळायचे. भरती करायची, हजेऱ्या-रजा बघायच्या, आणि कुणी सोडून निघालं की त्याला समोर बसवून विचारायचं, का हो, काय झालं? तो म्हणायचा, काही नाही मॅडम, घरगुती अडचण. मी म्हणायचे, बरं. हे खरं नाही हे दोघांनाही माहीत असायचं, आणि चहा पिऊन आम्ही उठायचो.

कारखाना पत्र्याचा. मोटारगाड्यांचे पत्र्याचे भाग मोठ्या प्रेस मशीनवर दाबून काढायचे आणि पुण्याला पाठवायचे. प्रेस शॉप चोवीस तास चालायचं, तीन पाळ्यांत, आणि प्रत्येकाची पाळी दर आठवड्याला फिरायची. काही माणसं शहरातली होती, हर्सूल, गारखेडा, पडेगाव अशा भागांतली. बाकीची गंगापूर, वैजापूर तालुक्यांतली, घरी दोन-चार एकर असलेली, मोटारसायकलवर तासभर अंतर कापून येणारी. मी स्वतः गारखेड्यात राहते. माहेर-सासर दोन्हीकडं सगळे नोकरदार. शेताला वीज कधी मिळते, हे मला शिकवलं ते प्रेस शॉपनं.

शेतीपंपाला लाईट एक आठवडा दिवसा मिळते, एक आठवडा रात्री. दिवसाची असली तर प्रश्न नाही. रात्रीची असली की कुणीतरी रात्रभर रानात उभं राहायचं. मोटार हल्ली आपोआप सुरू होते, पण कांद्याचा एक वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला माणूसच लागतो. त्याला दारं धरणं म्हणतात. बरं, कांदा काही आठवडाभर थांबत नाही. आता लाईटचं चक्र वेगळं आणि कंपनीच्या पाळीचं वेगळं, त्यामुळं दोन्ही रात्री कधी ना कधी एकाच आठवड्यात येणारच. त्यावर प्रेस शॉपनं माझ्याही आधीपासून तोडगा काढलेला होता. ज्याच्या गावी रात्रीची लाईट, त्यानं शहरातल्या कुणाशी तरी पाळी बदलून घ्यायची. शनिवारी सुपरवायझरच्या कानावर घालायचं, झालं काम. लिखापढी नाही, अर्ज नाही. मशीन रिकामं राहता कामा नये एवढी एकच अट, आणि ती कुणी मोडल्याचं मला आठवत नाही.

या अदलाबदलीतली सगळ्यात जुनी जोडी आमच्या सेटरची. सेटर म्हणजे मशीनवर साचा बसवून देणारा. हा वैजापूर तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरातला. वडिलांनी उभा जन्म मेंढरांमागं काढला, ह्यानं आयटीआय केलं, कायम झाला, घरच्या तुकड्यात विहीर पाडली आणि कांदा करू लागला. बोलणं कमी, काम चोख. त्याचा जोडीदार हर्सूलचा, शॉपमधला दुसरा सेटर. हर्सूलवाल्याची सकाळ-दुपार शाळेच्या पोरांची रिक्षा असायची, म्हणून त्याला रात्रपाळी जितकी मिळेल तितकी हवी. "रात मेरी, दिन तेरा, बात खतम," असा त्यांचा करार. एकाला रात्री घरी राहायचं आणि दुसऱ्याला दिवसा. इतकी सोयीची जोडी लग्नातसुद्धा जमत नाही, असं मी त्यांना म्हणायचे.

मग पुण्याहून नवे प्लँट हेड आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, कारण पुढं माझा सूर बिघडणार आहे. वेळेवर यायचे, शिवी द्यायचे नाहीत, कँटीनमध्ये कामगारांच्या रांगेत उभे राहायचे. त्यांनी चेहरा ओळखणारं हजेरीचं यंत्र बसवलं. ज्याचं नाव ज्या पाळीला, त्याचाच चेहरा त्या पाळीला चालणार, दुसरा कुणी आला की यंत्र लाल. त्याच झपाट्यात आणखी एक नियम झाला: मोबाईल आत न्यायचा नाही, गेटवरच्या कप्प्यात ठेवायचा, सुटल्यावर घ्यायचा. प्रेसवर लक्ष विचलित झालं तर बोटं जातात, तेव्हा मोबाईलचं मलाही पटलं. अदलाबदलीबद्दल मात्र मी भांडले. साहेबांचं म्हणणं, उद्या अपघात झाला आणि कागदावर एक नाव, मशीनवर दुसराच माणूस, तर विमेवाल्यांना काय सांगणार? ह्यातही तथ्य होतं. खऱ्या कारणांची हीच तर पंचाईत असते, त्यांच्याशी भांडताही येत नाही धड.

पहिल्यांदा दोन्ही रात्री एका आठवड्यात आल्या तेव्हा सेटर माझ्याकडं आला. उभ्या उभ्याच बोलला. वडिलांचे गुडघे गेलेले, मुलं लहान, रात्रीच्या कामाला मजूर मिळत नाही. बायको एकटीच बॅटरी घेऊन दारं धरते. विहीर वस्तीपासून लांब, आणि त्या भागात बिबट्या हिंडतोय, शेजाऱ्याची दोन शेरडं नेली. "मी घरी असलो की मी असतो मॅडम. आता ती एकटी असती," एवढंच म्हणाला. मी त्याला घेऊन साहेबांकडं गेले. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि सिस्टीममध्ये तशी सोयच नाही म्हणून सांगितलं. एकाला सूट दिली की सगळेच मागतील. सेटरनं मान हलवली आणि गेला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. मी काढला, तीन-चारदा तरी. शेवटी साहेब मला म्हणाले की मॅडम, तुम्ही फार भावनिक होता. त्या दिवशी मी जेवले नाही, इतकी चिडले होते.

त्यानंतर मी एक गोष्ट पाहिली. माझी खिडकी गेटच्या बाजूला. रात्रपाळी सुटायची आणि मी कामावर पोचायचे, साधारण एकाच वेळी. बाकीचे लोक हसत-खिदळत, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत बाहेर पडायचे. हा मात्र कुणाशी न बोलता सरळ कप्प्याकडं जायचा, मोबाईल काढायचा, बघायचा, कानाला लावायचा. दोन शब्द बोलला की मग हेल्मेट घालायचा. दोन्ही रात्री जुळलेल्या आठवड्यांत त्याचं हे कधी चुकलं नाही.

पहिला राजीनामा हर्सूलवाल्याचा आला. अदलाबदल थांबून त्याचीही पाळी आठवड्याला फिरू लागली तशी त्याच्या शाळेच्या पोरांची गाडी विस्कटली, पालक ओरडू लागले. दोन्हीपैकी एक निवडायचं झाल्यावर त्यानं रिक्षा निवडली. मागोमाग गंगापूरकडचे दोघं गेले, मग आणखी काही. सगळ्यांची घरगुती अडचण. पुण्याच्या हेड ऑफिसातून विचारणा झाली की तुमच्याकडं माणसं टिकत का नाहीत. साहेबांनी बैठक घेतली आणि सगळं खापर बिडकीनवर फोडलं. तिकडं मोठमोठे कारखाने येतायत, ते आपली तयार माणसं पळवतायत. गेलेल्यांपैकी एकही बिडकीनला गेलेला नव्हता. मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले की आत्ता नसतील गेले, जातील.

मग उपाय सुरू झाले. ज्याचा वाढदिवस त्याला कँटीनमध्ये केक, तो कापताना सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. पन्नाशीचे ऑपरेटर गालाला क्रीम लावून घेत कसनुसे उभे. महिन्याचा उत्तम कामगार म्हणून गेटवर फोटो. पुण्याहून एक व्याख्याते आले, त्यांनी रात्रपाळी करून आलेल्यांना दोन तास बसवून सकारात्मक विचार करायला सांगितलं. निम्मे झोपले, तोच त्यांचा सकारात्मक विचार. बिर्याणी झाली, क्रिकेटचे सामने झाले. अदलाबदल सोडून सगळं झालं.

आणि महिन्याचा उत्तम कामगार म्हणून गेटवर त्याचाच फोटो लागलेला असताना सेटरनं राजीनामा दिला.

मी त्याला समोर बसवलं. कारणाच्या जागी तेच दोन शब्द. मी म्हटलं, माझ्याशी तरी खरं बोला. तो म्हणाला, "ह्यात खोटं काय हाय मॅडम? घरचीच अडचण हाय. तुम्हाला तर ठावं हाय." मला वाईटही वाटलं आणि रागही आला, त्याचा नाही, माझाच. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून पगारवाढ देऊ केली. तो नको म्हणाला. दुसरी नोकरी कुठं मिळाली विचारलं, तर कुठंच नाही. इथं साहेब अडकले. दुसरी नोकरी हातात नसताना कायम नोकरी सोडणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मी म्हटलं, त्याची बायको रात्री रानात एकटी असते, तुम्हाला सांगितलं होतं त्यानं. ते म्हणाले की तेवढ्यासाठी कुणी कायम नोकरी सोडतं का? हा भाव वाढवून घ्यायचा डाव आहे, किंवा घरच्यांचं ऐकून चाललाय. घरच्यांशी बोलायला हवं.

ते कुठल्याशा प्रशिक्षणात घरभेट शिकून आलेले. चांगला माणूस सोडून निघाला की अधिकाऱ्यांनी त्याच्या घरी जायचं, घरच्यांना कंपनीबद्दल आपुलकी वाटेल असं वागायचं. तो पहिल्या पाळीला असताना जाऊ, म्हणजे बायको मोकळेपणी बोलेल, असं त्यांनी ठरवलं. आधी फोन करा असं मी बजावलं. घरच्या नंबरावर फोन केला, तो कुणी उचलला नाही. वाटेत पुन्हा करू म्हणाले, वाटेतही तेच. पेढ्यांचा बॉक्स आणि कंपनीचं नाव असलेलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आम्ही निघालो. गाडी कंपनीची, दारावर मोठ्या अक्षरांत नाव.

वैजापूरच्या अलीकडं गावात शिरलो. हॉटेलपाशी ड्रायव्हरनं सेटरचं घर विचारलं. बाकावर बसलेल्या माणसानं आधी गाडीच्या दारावरचं नाव वाचलं, हातातला कप खाली ठेवला, आणि काही न बोलता मोटारसायकल काढून आमच्या पुढं निघाला. मागं वळून पाहिलं तर आणखी दोघं-तिघं निघालेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ह्या भागातल्या घराघरातून कुणी ना कुणी वाळूजला कामाला जातं. गावाला कंपनीची बस माहीत असते, पण अधिकारी बसलेली गाडी भर दिवसा गावात येते ती एकाच कामाला. मी स्वतः त्या गाडीतून दोनदा गेले आहे. एकदा बोटं गेल्याचं सांगायला, एकदा त्याहून वाईट.

मी साहेबांना म्हटलं, गाडी इथंच थांबवा, मी चालत जाते. ते का, का विचारेपर्यंत वस्ती आलीच.

म्हातारा बाजेवर बसलेला, शेजारी जाळीत पाच-सात मेंढरं. गाडी बघून तो उठायला गेला, पण गुडघ्यांनी दगा दिला, तसाच परत बसला. मोटारसायकलवाल्यानं बांधावरून हाक दिली आणि कांद्यातून एक बाई आली. पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात खुरपं. अंगणाच्या कडेला थांबली, पुढं येईना. साहेब पेढ्यांचा बॉक्स हातात धरून उतरले. तिनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं.

"कुठं ठेवलंय त्यांना?" तिनं विचारलं.

मी जवळजवळ धावले. म्हटलं, काही झालेलं नाही, ते बरे आहेत, कामावर आहेत, आम्ही सहज आलोय. तिला ते खरं वाटलं नाही. का वाटावं? असंच तर सांगतात सगळीकडं, मीही सांगितलेलं आहे, थोडं लागलंय, तुम्ही चला. ती म्हणाली, मग त्यांचा आवाज ऐकवा. आणि आवाज ऐकवता येईना, कारण त्याचा मोबाईल गेटवर कप्प्यात. मी साहेबांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. मी सिक्युरिटीला फोन लावला, प्रेस शॉपमधून सेटरला गेटवर बोलवा म्हटलं, लगेच. घरनं फोन आहे म्हणून सांगा.

गेटपासून प्रेस शॉप लांब आहे. आम्ही सगळे अंगणात उभे राहिलो. तिनं खुरपं खाली टाकलं नव्हतं, मूठ आवळलेली तशीच. शेवटी फोनमध्ये धावण्याचा आवाज आला आणि मग त्याचा. मी हॅलो म्हणायच्या आधीच तो ओरडला, "काय झालं तिला? कुठं हाय ती?"

मी फोन तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "मी हाय. मी घरीच हाय." आणि मग खाली बसली.

त्यानंतर पाहुणचार झाला, कारण दारात आलेल्याला तसं पाठवत नाहीत. तिनं तोंड धुतलं, चहा ठेवला, माझ्याशी बोलताना एकदा हसलीही. गावातली माणसं पेढा खाऊन गेली. घड्याळ म्हाताऱ्यानं मांडीवर घेतलं. साहेबांनी चहा अर्धा ठेवला. मग, आता आलोच आहोत तर विचारावं, अशा आवाजात ते म्हणाले की वहिनी, तुम्ही त्यांना समजवा, चांगली नोकरी आहे, का सोडायला लावताय?

"मी कशाला लावू?" ती म्हणाली. "मीच नको म्हणत होते. लई भांडले. म्हणलं, मी धरते दारं, मला भ्याव नाय वाटत. तर म्हणले, मला कंपनीत काय झालं तर तुला सांगायला गाडी येती. तुला रानात काय झालं तर मला सांगायला कोण येणार? म्हणले, रातभर मशीनपाशी तेच डोक्यात असतं, एक दिवस माझी बोटं जातील."

परत येताना लासूर मागं पडेपर्यंत साहेब खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, मॅडम, अदलाबदल सुरू करा, सिस्टीमचं मी बघतो. विमेवाल्यांशी मी बोलतो. मी विचारलं, कुणाशी करायची? त्याचा जोडीदार तर गेला. ते म्हणाले, बोलवा त्याला परत. मी गाडीतूनच हर्सूलला फोन लावला. तो दिलदारपणे बोलला, तुमच्यासाठी आलो असतो मॅडम, पण अब दूसरी रिक्षा डाली, दोन शाळा लागल्या, अब नहीं होता. त्याच्या जागी साचा बसवायला घेतलेला माणूस नवा, त्याला अजून एकट्यानं रात्र सोपवता येत नव्हती.

ती अदलाबदल पुढच्या महिन्यापासून खरंच सुरू झाली, अजून सुरू आहे, आणि त्यानंतर प्रेस शॉपमधून फारसं कुणी गेलं नाही. केक बंद झाले. मोबाईलऐवजी साहेबांनी शॉपमध्येच सुपरवायझरच्या टेबलावर एक फोन ठेवला, घरून कधीही लागेल असा. हे सगळं त्या माणसामुळं झालं आणि त्याच्या काही उपयोगी आलं नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं, आणि ते त्याला मी सांगितलंही. तो म्हणाला, दुसऱ्यांच्या कामी आलं की.

शेवटचा दिवस त्याला रात्रपाळीचाच आला. सकाळी सुटल्यावर शॉपनं गेटवर त्याला टोपी घातली, टॉवेल-नारळ दिला, साहेबांनी हात मिळवला आणि तो जरा वेळ सोडला नाही. मी खिडकीत न थांबता खाली गेले होते. त्या आठवड्यात वैजापूरकडं दिवसाची लाईट होती. तो कप्प्यापाशी गेला, मोबाईल काढला, किल्ली परत केली आणि मोबाईल न बघताच खिशात टाकला.

मग सगळ्यांशी बोलत उभा राहिला, बराच वेळ.